महामारीच्या काळातील शालेय साहित्याचा खर्च : मुंबईतील पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळ, लालबाग आणि शिवडी भागातील अभ्यासिकांमध्ये पालकांशी बोलताना करोनाच्या दोन वर्षांत हेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत समोर आले. आजही जून जवळ आला की त्यांतले बरेचसे पुन्हा निघतात, कारण त्या दोन वर्षांत घेतलेली उधारी आणि हप्ते अनेक घरांत पुढे दीर्घकाळ फिटत राहिले. उत्तरे मुख्यतः राज्य मंडळाच्या शाळा आणि चाळीत, झोपडपट्टीत किंवा छोट्या भाड्याच्या खोलीत राहणारी कुटुंबे डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

शाळा तर बंद होत्या. मग शालेय साहित्याचा खर्च वाढला असे पालक का म्हणतात?

मार्च २०२० च्या मध्यावर मुंबईतील शाळा बंद झाल्या आणि १५ जून २०२० पासून नवे शैक्षणिक वर्ष ऑनलाइन सुरू झाले. त्यामुळे गणवेश, बूट-मोजे, दप्तर, रेनकोट, डबा आणि स्कूल बस यांचा खर्च त्या वर्षी थांबला, हे खरेच आहे. मात्र हा थांबलेला खर्च लहान लहान रकमांचा होता आणि तो वर्षभर विभागलेला असे. त्याच्या जागी जो खर्च आला, तो एका मोठ्या वस्तूचा होता आणि तो एकदम करावा लागला.

हा फरक समजून घेतल्याशिवाय पालकांची तक्रार समजत नाही. वह्या, पेन आणि कंपासपेटी ओळखीचा दुकानदार उधारीवर देतो, महिन्याच्या दहा तारखेपर्यंत थांबतो आणि कधी अर्धे पैसे पुढच्या महिन्यावरही ढकलू देतो. मोबाईल असा कोणी उधारीवर देत नाही. त्यासाठी हप्ता बांधावा लागतो, भिशी आधी उचलावी लागते किंवा घरातला दागिना सोनाराकडे जातो. घरकाम, टॅक्सी, खानावळ, फेरीचा धंदा आणि छोटे कारखाने बंद असल्यामुळे ज्या महिन्यांत घरात पगार येत नव्हता, नेमक्या त्याच महिन्यांत ही खरेदी करावी लागली. केवळ वर्षाची बेरीज पाहिली, तर काही घरांत शाळेचा एकूण खर्च कमी झालेलाही दिसेल. पण त्या बेरजेत व्याज दिसत नाही आणि जूनमधील तो एक आठवडाही दिसत नाही.

मोबाईल आणि इंटरनेट यांना शालेय साहित्य म्हणावे का?

निःसंकोच म्हणावे. ज्या वस्तूशिवाय वर्गात बसता येत नाही, ती वस्तू शालेय साहित्यच असते. शाळेच्या यादीत तिचे नाव नव्हते, एवढ्याच कारणाने तिचा खर्च कोणाच्याही हिशेबात धरला गेला नाही आणि ती कुटुंबाची खासगी खरेदी ठरली. माझ्या मते त्या काळातील सर्वांत मोठा अन्याय हाच होता.

घरात एक स्मार्टफोन असणे म्हणजे मुलाकडे फोन असणे नव्हे. वडील कामावर गेले की फोनही त्यांच्यासोबत जात असे. दोन भावंडांचे तास एकाच वेळी असत. दहा बाय दहाच्या खोलीत दोघांचे आवाज एकमेकांत मिसळत, म्हणून इअरफोनही लागत. एका घरात चार्जिंगची पिन सैल झालेला फोन रबरबँडने केबलला घट्ट बांधून खिडकीच्या कठड्यावर उभा केलेला होता. दहावीतील मोठी बहीण तासाला बसलेली असताना पाचवीतील धाकटा शेजारी वही उघडून वाट पाहत असे, कारण त्याच्या वर्गाचा गृहपाठ त्याच फोनवर आलेला होता. पिन दुरुस्त करायला टाकली तर एक दिवस दोघांचीही शाळा बुडणार होती, म्हणून ती दुरुस्ती महिनोन्‌महिने लांबली.

करांचा भागही लक्षात घ्यावा. मोबाईल फोनवरील वस्तू व सेवा कर १ एप्रिल २०२० पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, म्हणजे शाळा ऑनलाइन होण्याच्या अगदी तोंडावर. कर वगळता ८,००० रुपये किमतीच्या फोनवर पूर्वी ९६० रुपये कर पडला असता, तो १,४४० रुपये पडू लागला. वरचे ४८० रुपये म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण डझनभर दोनशेपानी वह्यांचे पैसे होते.

इंटरनेटचा वर्षाचा खर्च कसा काढावा?

रिचार्ज महिन्याचा नसून २८ दिवसांचा असतो, त्यामुळे वर्षाला १२ नव्हे तर १३ रिचार्ज लागतात. २०२० मध्ये दिवसाला दीड जीबी देणारा रिचार्ज सुमारे १९९ रुपयांना मिळत असे, म्हणजे एका फोनचे वर्षाला २,५८७ रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांनी दर वाढवल्यावर तोच रिचार्ज २३९ रुपयांच्या घरात गेला आणि वर्षाची रक्कम ३,१०७ रुपये झाली. फोन दोन असतील तर रक्कम दुप्पट होते. दोन मुलांचे व्हिडिओ तास एकाच फोनवर असतील तर दीड जीबी दुपारपर्यंत संपते आणि वरचा टॉपअप वेगळा मारावा लागतो.

ज्या घरांत रिचार्ज संपल्यावर चार-सहा दिवस थांबून पुन्हा मारला जात असे, तिथे हिशेबाच्या वहीत बचत दिसते, पण मुलाच्या हजेरीत तेवढेच खाडे दिसतात.

इंटरनेटशिवाय शिकण्याची काही सोय होती का?

होती. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारित ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली आणि तिला मोबाईल किंवा डेटा लागत नव्हता. ज्या घरांत टीव्ही होता आणि ज्यांच्यापर्यंत वेळापत्रक पोहोचले, त्यांना तिचा उपयोग झाला. मात्र शाळेची हजेरी आणि गृहपाठ मोबाईलवरच असल्यामुळे टीव्हीवरून शिकणाऱ्या मुलाचे शिकणे शाळेच्या नोंदीत येत नसे.

पाठ्यपुस्तके मोफत असताना त्यांवर खर्च कसा झाला?

शासकीय, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना समग्र शिक्षा योजनेतून पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. नववीपासून ती विकत घ्यावी लागतात. बालभारतीने सर्व पुस्तकांच्या पीडीएफ प्रती आपल्या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध ठेवल्या होत्या आणि आजही त्या मिळतात.

अडचण अशी झाली की टाळेबंदी लागल्यावर अनेक कुटुंबे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा किंवा कोल्हापूरकडे गावी गेली. पुस्तके मुंबईतील शाळेत पडून राहिली आणि मूल गावी राहिले. पाच इंची पडद्यावर गणिताचे पुस्तक वाचणे मुलांना जमत नाही, म्हणून पालकांनी तालुक्याच्या गावी जाऊन प्रिंट काढल्या. शंभर पानांच्या पुस्तकाला पानामागे दोन रुपये धरले तरी २०० रुपये होतात आणि बालभारतीच्या अनेक पुस्तकांची छापील किंमत याहून कमी असते. म्हणून पुढे कधी अशी वेळ आली, तर पूर्ण पुस्तकाची प्रिंट काढू नये. गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याच इयत्तेचे पुस्तक असते. शिक्षकांना विनंती केल्यास ते वापरायला मिळू शकते, कारण राज्य मंडळाचे पुस्तक सगळीकडे एकच आहे.

जुलै २०२० मध्ये राज्याने अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला. पुस्तके आधीच छापलेली असल्यामुळे त्यांच्या किमतीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. परंतु वगळलेल्या धड्यांची यादी समोर ठेवून प्रिंट काढणाऱ्यांचे पैसे मात्र वाचले.

ऑनलाइन तासांसाठी नव्या वह्या घ्यायची गरज होती का?

वह्यांची गरज होती, पण सगळ्या नव्या वह्यांची नव्हती. गृहपाठ वहीत लिहून त्याचा फोटो पाठवायचा असल्यामुळे लिखाण कमी झाले नाही. मात्र २०१९-२० चे वर्ष मार्चमध्येच तुटल्यामुळे जवळपास प्रत्येक मुलाच्या वह्यांत कोरी पाने शिल्लक होती. ती काढून, दाभणाने शिवून, वर जुन्या कॅलेंडरचे कव्हर घालून तयार केलेल्या वह्या आपल्या आईवडिलांच्या पिढीने वर्षानुवर्षे वापरल्या आहेत. काही शाळांनी अशा वह्या चालतील असे स्पष्ट कळवले आणि पालकांना मोठा दिलासा दिला. काही शाळांनी मात्र प्रत्येक विषयाला वेगळी वही, तिला खाकी कव्हर आणि वर ठरावीक स्टिकर असा आग्रह फोटोतसुद्धा धरला. शिस्तीचे महत्त्व मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की ज्या वर्षी वही वर्गशिक्षिकेच्या हातातही येणार नव्हती, त्या वर्षी हा आग्रह सोडायला हवा होता.

दुकाने बंद असताना साहित्य कुठून आणायचे, आणि ते महाग का पडले?

एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने शैक्षणिक पुस्तकांच्या दुकानांना परवानगी दिली होती, पण ती प्रतिबंधित क्षेत्रांना लागू नव्हती आणि त्या वेळी मुंबईतील दाट वस्तीचे मोठे भाग प्रतिबंधित होते. एप्रिल-मे २०२१ च्या निर्बंधांत तर अत्यावश्यक नसलेली दुकाने पुन्हा बंद झाली आणि ऑनलाइन कंपन्यांनाही केवळ अत्यावश्यक वस्तू घरपोच देण्याची मुभा राहिली. शालेय खरेदीचा हंगाम नेमका तोच असतो.

मुंबईतील सर्वसामान्य पालक स्वस्त साहित्यासाठी लोकल गाडीवर अवलंबून असतो. मशीद बंदर किंवा सीएसएमटीला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीटवर जायचे आणि डझनाच्या भावाने वह्या, पेन, रंगपेट्या आणायच्या, ही अनेक घरांची मे महिन्यातील ठरलेली फेरी असे. मार्च २०२० मध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळांसाठी उघडून ती एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवास करता आला. म्हणजे २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांचा जून महिना लोकलविना गेला. घाऊक बाजार तुटल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून छापील किमतीला एकेक वही घेण्याखेरीज पर्याय उरला नाही.

यावर सर्वांत उपयोगी पडलेला उपाय एकत्र खरेदीचा होता. चाळीतील किंवा इमारतीतील मुलांची इयत्तेनुसार एकच यादी करायची, पैसे आधी गोळा करायचे आणि एकाच टेम्पोने माल मागवायचा. गणेशोत्सव मंडळांना वर्गणी आणि हिशेबाची सवय असते, त्यामुळे हे काम त्यांच्याकडे सोपवणे सोयीचे जाते. यादी करताना एकरेघी, दुरेघी, चौरेघी आणि चौकटीच्या वह्या वेगळ्या लिहाव्यात. नाहीतर लहान मुलांच्या वह्या कमी पडतात आणि त्याच नंतर महागात घ्याव्या लागतात.

शाळेने ठरावीक दुकानातूनच साहित्य घेण्याची सक्ती केली तर?

अशी सक्ती करता येत नाही. शाळेने किंवा तिने नेमलेल्या दुकानदाराने साहित्य विकण्याची सक्ती करू नये, अशा स्पष्ट सूचना राज्य शासनाने वेळोवेळी दिल्या आहेत आणि सीबीएसईनेही २०१७ मध्ये आपल्या शाळांना शाळेच्या आवारात पुस्तके-गणवेश विकण्याबाबत समज दिली होती. शाळेला गणवेशाचा रंग आणि नमुना ठरवता येतो. तो कुठे शिवायचा हे पालकाने ठरवायचे असते. बोधचिन्ह फक्त शाळेतच मिळत असेल, तर तेवढेच शाळेकडून मागावे आणि कापड बाहेरून घ्यावे. सक्तीची सूचना तोंडी दिली जात असेल तर ती लेखी मागावी; लेखी मागितल्यावर बहुतेक वेळा ती मागे घेतली जाते.

वर्षभर न वापरलेल्या प्रयोगशाळा, संगणक कक्ष आणि वाचनालयाचे पैसे शाळेला का द्यायचे?

८ मे २०२० च्या शासन निर्णयात २०२०-२१ साठी शुल्कवाढ करू नये, शुल्क हप्त्यांनी घ्यावे आणि ज्या सुविधा वापरल्या गेल्या नाहीत त्यांचा खर्च पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीच्या ठरावाने कमी करावा असे म्हटले होते. संस्थाचालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये निर्णयाला स्थगिती दिली आणि मार्च २०२१ मध्ये ती उठली. ३ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील खासगी शाळांच्या प्रकरणात न वापरलेल्या सुविधांपोटी शुल्क १५ टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश दिला. त्याच धर्तीवर महाराष्ट्राने १२ ऑगस्ट २०२१ रोजी २०२१-२२ साठी १५ टक्के कपातीचा निर्णय काढला, आणि तोही न्यायालयात आव्हानित झाला.

या साऱ्यात पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शुल्क ठरवण्याच्या प्रक्रियेत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते. जिथे ही समिती केवळ कागदावर होती, तिथे शासन निर्णय येऊनही ठराव झाला नाही. जिथे पालक बैठकीला हजर राहून इतिवृत्तावर सही करण्याआधी ते वाचत होते, तिथे बोलणे तरी झाले.

महापालिका शाळेतील मुलांना काय मिळते?

बृहन्मुंबई महानगरपालिका आपल्या शाळांतील विद्यार्थ्यांना २७ शालेय वस्तू मोफत देते. त्यांत गणवेश, बूट-मोजे, दप्तर, वह्या, लेखनसाहित्य, रेनकोट किंवा छत्री यांचा समावेश असतो. २०१५ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब देण्याचीही सुरुवात झाली. वस्तू मिळाल्या नसतील तर मुख्याध्यापकांकडे पालकांनी लेखी विचारणा करावी, कारण वाटपाची नोंद शाळेत ठेवली जाते.

मग सर्वांत जास्त ताण कोणत्या कुटुंबांवर आला?

अनुभवावरून सांगायचे तर अनुदानित शाळांत, त्यातही नववी-दहावीत मुले असलेल्या कुटुंबांवर. महापालिकेच्या शाळेतील मुलाला २७ वस्तू मिळतात. अनुदानित शाळेतील मुलाला आठवीपर्यंत पुस्तके मोफत मिळतात, पण वह्या, दप्तर आणि बूट कुटुंबालाच घ्यावे लागतात. नववीपासून पुस्तकेही गेली. गिरणगावातील जुन्या मराठी शाळांत शिकणारी बहुतेक मुले याच गटातली आहेत. त्यांचे पालक मदत मागणाऱ्यांच्या रांगेत सहसा उभे राहत नाहीत आणि कोणत्याही योजनेच्या यादीत त्यांचे नाव नसते. आईने स्वतःच्या औषधाच्या गोळ्या एक दिवसाआड घेऊन मुलीच्या रिचार्जचे पैसे भरल्याचे शेजारणीकडून कळते, तिच्याकडून कधीच नाही. मदत वाटणाऱ्या संस्थांनी आणि मंडळांनी यापुढे यादी करताना या घरांची आवर्जून चौकशी करावी, ही कळकळीची विनंती आहे.

शाळा पुन्हा उघडल्यावर एवढा खर्च का आला?

मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी आणि पहिली ते सातवीचे १५ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. जानेवारी २०२२ मध्ये बहुतेक वर्ग पुन्हा बंद होऊन २४ जानेवारीला सुरू झाले. मार्च २०२० मध्ये तिसरीत असलेले मूल आता पाचवीत होते. शर्ट खांद्याला बसत नव्हता, बूट दोन मापांनी लहान झाले होते, दप्तराला बुरशी लागली होती आणि कंपासपेटीतील कर्कटक गंजले होते. दोन वर्षांची खरेदी एकदम आली, तीही वर्ष संपायला जेमतेम चार-सहा महिने उरलेले असताना. मापाला लागलेला गणवेश जूनमध्ये पुन्हा तोकडा होणार, हे आईवडिलांना दुकानातच दिसत होते.

काही मुख्याध्यापकांनी अशा वेळी उरलेले वर्ष साध्या कपड्यांत येऊ दिले. हे सर्वांनीच करायला हवे होते, कारण त्यासाठी शासनाच्या पैशांची गरज नव्हती, केवळ एका सूचनेची होती. एकाच शाळेच्या मुलांचे तोकडे झालेले गणवेश धुऊन-इस्त्री करून वर्गवार अदलाबदल करण्याची पद्धतही चांगली चालली.

मास्कबाबत राज्याने ऑक्टोबर २०२० मध्ये कमाल दर ठरवले होते. तीन पदरी मास्क ४ रुपयांना मिळणे अपेक्षित होते. महिन्याचे शाळेचे २४ दिवस धरले तर एका मुलाचे ९६ रुपये. म्हणून बहुतेक घरांत धुता येणारे कापडी मास्कच वापरले गेले.

जुना मोबाईल घेताना काय पाहावे?

फोनवर *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. बिल देण्यास तयार नसलेल्या विक्रेत्याकडून फोन घेऊ नये. बॅटरी आणि चार्जिंगची पिन दुकानातच तपासावी. शाळेचे ॲप त्या फोनवर चालते की नाही हे पैसे देण्याआधी उघडून पाहावे, कारण जुन्या अँड्रॉइडवर अनेक ॲप उघडतच नाहीत.

करोनात आई किंवा वडील गमावलेल्या मुलांच्या शैक्षणिक खर्चासाठी काय सोय आहे?

दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य शासनाने पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय २०२१ मध्ये घेतला आणि केंद्राची पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन योजनाही त्याच वर्षी आली. एक पालक गमावलेल्या मुलांना बाल संगोपन योजनेतून दरमहा मदत मिळू शकते. ही रक्कम त्या वेळी १,१०० रुपये होती, ती पुढे २,२५० रुपये झाली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा असतो. शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र आणि पालकाचा मृत्यू दाखला आधी काढून ठेवावा.

वह्या-पेन्सिलींवर आता कर आहे का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर आणि नकाशे यांवर कर नाही. महामारीच्या काळात शालेय वह्यांवर १२ टक्के कर होता. मोबाईलवर तो अजूनही १८ टक्केच आहे.

तक्रार कुठे करावी?

आधी मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्यावे आणि प्रतीवर पोच घ्यावी. उत्तर न आल्यास महापालिका क्षेत्रातील प्राथमिक शाळांसाठी महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, तर माध्यमिक शाळांसाठी मुंबई उत्तर, दक्षिण किंवा पश्चिम यांपैकी आपल्या विभागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे जावे. त्यावरचे कार्यालय शिक्षण उपसंचालकांचे असून ते चर्नी रोड येथील जवाहर बालभवनात आहे. तक्रारीत एकाच मागणीवर लिहावे, सोबत बिल, शाळेचा संदेश किंवा सूचनेचा फोटो जोडावा आणि शक्य असेल तर एकट्याने न जाता त्याच वर्गातील आणखी काही पालकांच्या सह्या घ्याव्यात. एका पालकाच्या पत्रामुळे मुलाला वर्गात बोलणी बसतील, ही भीती अनेकांना असते आणि ती निराधार नाही. सह्या अनेक असल्या की ती बरीच कमी होते.